खोकला जुळला पाहिजे

भटक्यांवरच्या त्या सिनेमात सगळं अस्सल होतं. तंबू अस्सल, गाढवं अस्सल, तान्हं पोर अस्सल, धूळसुद्धा बाहेरून आणलेली नव्हती. नकली होती ती फक्त आई. पोराची खरी आई दिग्दर्शकांच्या पसंतीस उतरली नाही. "चेहऱ्यावर गरिबी दिसत नाही हिच्या. हसते फार." मग दोन महिने अर्धपोटी राहून गाल बसवलेली एक नटी आली. पोर तिच्या मांडीवर दिलं आणि आईला कॅमेऱ्यामागे उभं केलं.

तिसऱ्या दिवशी पोराला खोकला झाला. दिग्दर्शक हरखले. "असा खोकला शिकवून येत नाही!"

आवाज टिपणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. पोराच्या झबल्यात माइक त्यानंच लावलेला. त्यामुळे इतरांना खोकला ऐकू यायचा, त्याला श्वासही. चौथ्या दिवशी सकाळपासून त्या श्वासात भांड्याच्या तळाशी पाणी उकळावं तशी बारीक बुडबुड होती.

"साहेब, पोराला डॉक्टरकडे न्यायला हवं."

"नेऊ की! पण औषधानं खोकला गेला, तर कालच्या सीनशी जुळायचं कसं? संध्याकाळपर्यंत कळ काढा."

"कळ पोर काढतंय, साहेब."

आई जवळ सरकली. "दादा, त्या यंत्रात काय ऐकू येतं?"

"काही नाही, ताई," तो म्हणाला आणि उगाच एक बटण फिरवलं.

शॉट सुरू झाला. नटी रडली, झकास रडली. ती रडत असतानाच पोराचा खोकला मध्येच थांबला आणि मान तिच्या कोपरावरून कलंडली. नटी रडतच राहिली. पटकथेत तसंच होतं.

आई धावत कॅमेऱ्याच्या चौकटीत घुसली. तिनं पोर हिसकावलं. "गाडी काढा! अहो, कुणीतरी गाडी काढा!"

दिग्दर्शकांनी हात वर केला: कॅमेरा थांबवायचा नाही. मग कुणीच हललं नाही. कानसेननं हेडफोन भिरकावला आणि गाडी गाठली.

"चालू कर!"

ड्रायव्हर जागचा हलला नाही. "'कट' आल्याशिवाय इंजिन लावायचं नाही, दादा. आवाज येतो. पहिल्या दिवशी तुम्हीच माझा बाप काढला होता त्यावरून."

कानसेननं वळून पाहिलं. दिग्दर्शकांचे डोळे भरून आले होते. ओठ हलत होते.

"अजून थोडं," ते पुटपुटत होते. "अजून थोडं."