अक्कांचं ताट

मोबाइलने माझ्या सासूला उपाशी ठेवलं. पण मोबाइलला कशाला दोष देऊ? ठेवलं तिच्या पोटच्या पोराने.

भूषण, म्हणजे माझा नवरा. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही. उन्हाळ्यापासून तो एक ॲप घेऊन बसलाय. घरात जेवणारी माणसं किती, ते त्याला एकदा सांगायचं. मग भाकरी किती थापायच्या, भाजी किती टाकायची, ते रोज सांगतं. जेवणं झाली की भांड्यांचा फोटो काढायचा. जेवढं उरलेलं दिसेल, तेवढं ॲप दुसऱ्या दिवसापासून कमी करतं. जळगावातल्या मेहरूणच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भूषण रोज टाकायचा, 'आज शून्य वाया.' खाली अंगठ्यांची रांग. शाबासकी त्याला, आणि मोजून भाकरी थापायच्या मी.

अक्का, माझ्या सासूबाई, सगळ्यांच्या मागून जेवतात. नरडाण्याकडच्या त्यांच्या सासरी तशीच रीत होती, ती त्यांनी जळगावच्या फ्लॅटमध्येही सोडली नाही. आमच्यासोबत बसा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बठ्ठासनं जेवन व्हऊ दे, मंग मी बसस." आम्ही उठलो की ओट्यापाशी बसून उरलंसुरलं खायच्या.

परवा डोकं दुखत होतं म्हणून मी बँकेतून दुपारीच घरी आले. अक्का स्वयंपाकघरात फरशीवर बसलेल्या. समोर बिबड्यांचा डबा. बिबडे म्हणजे उन्हाळ्यात वाळवलेले ज्वारीचे पापड; ते न भाजलेले, वाटीभर पाण्यात भिजवून त्या चघळत होत्या. तोंडात दात किती राहिलेत त्यांच्या! मला बघून त्यांनी डबा पदराखाली ओढला, जणू चोरी पकडली गेली.

"अक्का, भाकर नाही खाल्ली?"

"उरनीच नही वं माय. जाऊ दे, माले भूक नही शे."

"आणि काल रात्री?"

त्या डब्याचं झाकण लावत राहिल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो निघायचा तेव्हा अक्का जेवलेल्याच नसायच्या. ॲपने वाया गेलेलं म्हणून जे मोजलं, ते त्यांचं जेवण होतं. ते रोज थोडं थोडं कापत शून्यावर आणलं, आणि आमच्या घरात त्याचा सत्कार चालला होता.

भूषण आल्या आल्या मी त्याचा मोबाइल हिसकावून ॲप उघडलं. दोन मोठे, एक लहान. म्हणजे तो, मी आणि आमची रूपा.

"अक्का कुठे आहेत यात?"

"अगं, ती वेगळं कुठे खाते? उरलेलंच खाते ना. त्यात तसं भरायची सोय नाही."

हे तो शांतपणे म्हणाला. जन्म देणाऱ्या बाईबद्दल! मी इतकी ओरडले की रूपा आतून धावत आली. मी बिबड्यांची वाटी त्याच्यापुढे आपटली, दुपारी काय पाहिलं ते सांगितलं. त्याने मोबाइल परत घेतला. मग अंगठा फिरवत म्हणाला, "बरं, तीन मोठे करतो."

तेवढ्यात अक्काच आडव्या आल्या. "मनं नाव नको टाकू रे भाऊ. माले काय लागस?"

"बघ," भूषण म्हणाला, "तिलाच नकोय." आणि मोबाइल खिशात घातला.

त्या क्षणी मला दोघांचाही सारखाच राग आला. उपाशी ठेवणाऱ्याचा, आणि उपाशी राहून त्याची पाठराखण करणारीचा.

रविवारी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी केली. अगदी ॲपच्या हिशेबाने, दोन मोठे, एक लहान. एक बट्टी जास्त नाही. भूषण बाहेरच्या खोलीत ग्रुपवर शहाणपणा पाजळत होता. मी अक्कांना हाताला धरून पाटावर बसवलं. त्या उठू लागल्या तशी मी म्हणाले, "उठलात तर मी जेवणार नाही." शेजारी रूपाला बसवलं, तिच्या बाजूला मी बसले. बट्ट्या कुस्करल्या, वरण ओतलं, वरून तूप सोडलं. अक्का आधी लाजत, मग भराभर जेवू लागल्या.

भूषण फोटो काढायला आला. भांडी रिकामी.

"माझं ताट?"

"उरलं असेल ते खा."

त्याचा चेहरा उतरला. अक्कांचा हात लगेच थबकला. "पोऱ्याले भूक लागनी व्हई," म्हणत त्यांनी आपलं ताट पुढे सरकवलं. मी त्यांच्या ताटावर हात आडवा धरला.

"अक्का, हे तुमचं आहे. जेवा."

भूषणने आईच्या ताटाकडे पाहिलं. मग मोबाइल ओट्यावर उलटा ठेवून त्याने फळीवरचा बिबड्यांचा डबा काढला.

"भिजवून खा," मी म्हणाले. "कोरडे घशात टोचतात."