राक्षसाने वाकायचं नसतं

"आत असताना लघवीला लागली तर काय करता?"

थिएटरात मागच्या रांगेतून कोनात्सुच्या मैत्रिणीचं, रिओचं, दाबून धरलेलं हसू फुटलं. पैज तिनेच लावली होती. सिनेमा संपल्यावर प्रश्न विचारा म्हणतील तेव्हा हाच विचारायचा, नाहीतर आठवडाभर मेलन-पाव कोनात्सुने खाऊ घालायचा. कोनात्सुने विचारला. एवढ्या लोकांसमोर ती पहिल्यांदाच उभी राहिली होती आणि नवल म्हणजे तिला मजा येत होती.

मंचावर वाकुई-सान बसले होते. चंदेरी महावीर दर सिनेमात ज्या अजस्र राक्षसांना लोळवतो, त्यांतल्या बहुतेकांच्या रबरी पोशाखाआत हेच गृहस्थ असायचे.

"सकाळपासून पाणीच पीत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "तरी लागलीच तर राक्षस जास्त चिडका दिसतो. दिग्दर्शक खूश." हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "उंची किती गं तुझी?"

"एकशे बहात्तर सेंटिमीटर."

"पोक काढून उभी आहेस. सरळ हो आणि परत सांग."

ती सरळ झाली. "एकशे अठ्ठ्याहत्तर."

"हं. माझे गुडघे गेलेत. आमची मंडळी एक छोटा सिनेमा करतायत, राक्षस हवाय. रविवारी ये. जमलं तर काम तुझं."

चोफू शहरात आईबाबांच्या लॉन्ड्रीमागे कोनात्सुचं जुनं घर होतं आणि त्यातल्या चौकटी सगळ्या बुटक्या. कपाळ आपटलं की ती चौकटीलाच "माफ करा" म्हणायची. वर्गाच्या फोटोत आई बजावायची, "मागे उभी राहा, आणि गुडघ्यात जरा वाक." शाळा संपली की मावशीच्या दातांच्या दवाखान्यात चिकटायचं, हेही आईनेच ठरवलेलं. बसून करायचं काम, उंची कुणाला दिसत नाही.

लहानपणी बाबा आणि ती मिळून महावीराचे सिनेमे बघायचे. बाबा महावीराच्या बाजूने, ती राक्षसाच्या. तो काही मोडतोड करायला आलेला नसतो, असं तिला वाटे. समुद्रातून वर आला आणि पाय ठेवील तिथे शहर, त्याला तो काय करणार? शेवटी महावीराचा प्रकाशझोत त्याच्यावर पडला की ती उशीत तोंड खुपसायची.

रविवारी, एका बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत कमरेएवढं शहर उभं होतं. ते तामाकी-सानने बांधलेलं. चाळिशीची, बोटांना कायम प्लास्टर लागलेलं. तिने खिडक्यांना पडदेसुद्धा लावले होते. राक्षसाने पाडायच्या इमारती दोनच. तिसरी नव्हती.

"कॅमेऱ्यातली फीत जोरात पळवतात म्हणून पडद्यावर सगळं सावकाश आणि जड दिसतं," वाकुई-सानने सांगितलं. "तू सावकाश हललीस तर झोपलेली दिसशील. झोकून दे."

तिने राक्षसाचा पोशाख चढवला आणि पाठीमागची चेन वर गेली. रबराचा आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी घामाचा वास. राक्षसाच्या गळ्याला पाडलेल्या दोन भोकांतून कोनात्सुला पहिली इमारत दिसली, पडद्यांसकट. महावीर अजून जागेवर यायचा होता, कॅमेरा सुरू व्हायचा होता. आणि कोनात्सु सवयीने इमारतीला वाकून नमस्कार करत पुटपुटली, "माफ करा हं."

शिंग गच्चीत अडकलं. इमारत धुरळा उडवत खाली बसली.

  पळून जावं तर चेन पाठीमागे. ती आतूनच माफी मागायला लागली, एकदा, दोनदा, मग थांबेचना.

"पुरे," तामाकी-सान म्हणाली. "अगं, मी काय जपून ठेवायला बांधते? पडायलाच बांधते. नीट पडली पाहिजे एवढंच. त्या दुसरीचे पडदे माझ्या लग्नातल्या किमोनोच्या अस्तराचे आहेत. वाया घालवू नकोस."

वाकुई-सान गळ्यातल्या भोकांपाशी आले. "राक्षस वाकत नाही, पोरी. तो मोठा आहे, एवढीच त्याची चूक. महावीराला तरी काम कुठून मिळणार, राक्षस ताठ उभा राहिला नाही तर?"

कोनात्सुने पाठ सरळ केली. शिंगं वर टांगलेल्या दिव्यांपर्यंत गेली. महावीर समोर आला, कॅमेरा घरघरला. तिने पाय उचलला आणि ती सगळ्या अंगानिशी दुसऱ्या इमारतीवर गेली. खांदा, शेपटी, पुन्हा खांदा. पडदे फडफडत खाली आले. महावीराने तिला उचलून आपटलं आणि ती उताणी पडली तीही ताठच.

"झालं," कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणालं. तामाकी-सान नुसती हसली आणि झाडू आणायला गेली. वाकुई-सानने चेन उघडताना म्हटलं, "पुढच्या रविवारी लवकर ये. आणि पाणी पिऊ नकोस."

संध्याकाळी आई-बाबा जेवायला बसले होते. कोनात्सु चौकटीखालून वाकून आत आली. वाकणं भागच होतं, पण चौकटीला आज ती काही बोलली नाही.

"आई, बाबा, मावशीला नाही म्हणून कळवा. शाळा संपली की मी वाकुई-सानच्या मंडळींत जाणार."

"पोट भरतं का त्यात?" आईने वाटी खाली ठेवली.

"नाही भरलं तर सकाळी लॉन्ड्रीत इस्त्री करीन. पण जाणार."

बाबांचे डोळे चमकले. "म्हणजे तू महावीर होणार?"

"नाही बाबा," कोनात्सु ताठ बसून म्हणाली. "राक्षस."