कोपराच्या नळाचे बेसिन

मित्रांनो, मी एक जुने बेसिन आहे. पांढऱ्या चिनीमातीचे, एका कडेला टवका उडालेले. सध्या रुग्णालयाच्या मागच्या आवारात मोडक्या खाटांशेजारी मला टाकून दिले आहे. तुम्ही म्हणाल, बेसिनाला कसले आले आहे आयुष्य! पण ऐका तर.

भट्टीतून निघाल्यावर मला थेट इथेच आणले आणि संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डाच्या दारात बसवले. माझा नळ लांब दांडीचा, कोपराने उघडायचा. धुतलेला हात पुन्हा नळाला लागायला नको ना! या वॉर्डात डॉक्टर झालेली मुले-मुली पुढचे खास शिक्षण घ्यायला येत. कुठला ताप कशाचा, कुठल्या जंतूला कुठले औषध, हे सगळे नंतर. पहिला धडा माझ्यापाशी. त्या वेळच्या प्रमुख बाई मुलांच्या मागे उभ्या राहायच्या. "अंगठा राहिला. बोटांच्या बेचक्या राहिल्या. पुन्हा!" आणि नव्या मुलांना सांगायच्या, "या वॉर्डात माझ्याहून मोठा डॉक्टर हा आहे." असे म्हणून त्या माझ्या कडेवर थाप मारत. मला घासणाऱ्या मावशींनाही त्याचा अभिमान वाटे. सांगायला काय हरकत, मी अगदी लखलखत असे.

बाई निवृत्त झाल्या आणि मोठे सर आले. माणूस हुशार. रोग्याचा चेहरा दारातून पाहून आजार ओळखत. हात कसे धुवावेत यावर मोठमोठ्या सभांत भाषणे देत. पण सकाळच्या फेरीला मुलांची शेपटी मागे घेऊन निघाले, की माझ्याकडे ढुंकून पाहत नसत. त्यांच्या हातावर बसायची जंतूंची काय बिशाद!

सरांच्या हाताखालच्या एका तुकडीत एक ठेंगणी मुलगी होती. तिला सगळे धाकटी म्हणत. दारालगतच्या खाटेवर एक शिंपी होते. ताप उतरला होता, घरी जायचे दिवस आले होते. हाताला सलाईनची नळी तेवढी उरली होती. ते धाकटीला म्हणायचे, "डॉक्टरताई, कोटाच्या बाह्या किती लांब तुमच्या! घरी गेलो की आखूड करून देतो."

एका सकाळी सरांनी कोपऱ्यातल्या रोग्याची चिघळलेली जखम उघडून पाहिली. त्या जखमेतला जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. तिथून सर तडक शिंप्यांकडे निघाले.

"सर, हात धुवायचे राहिले," धाकटी म्हणाली.

सर हसले. "अरे वा! आता आम्ही तुमच्याकडून शिकायचं का?"

सर हसले म्हणून सगळे हसले. सरांनी शिंप्यांचा हात धरला आणि नळी हलवून पाहिली.

फेरी संपल्यावर धाकटीने अभ्यासासाठी म्हणून प्रत्येकाची बोटे जंतू वाढवायच्या काचेच्या बश्यांत टेकवून घेतली. सरांनीही टेकवली, थट्टेने. "घे बाई, हीच हौस राहिली होती."

शिंप्यांना हुडहुडी भरली. त्या जखमेतला जंतू नळीवाटे रक्तात गेला होता. वाचले नाहीत. त्यांच्या बहिणीने माझ्यापाशी येऊन तोंडावर पाणी मारले. भावाला घरी नेताना घालायला आणलेले कपडे तिच्या काखेत होते.

पुढे धाकटी एक बशी घेऊन सरांना माझ्याजवळच गाठायला आली.

"सर, शिंप्यांच्या रक्तातला जंतू यात वाढलाय."

"कुणाची बशी ही?"

"तुमची, सर."

सरांनी बशी हातात घेतली, उजेडात धरली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "यंदा परीक्षा आहे ना तुझी?" एवढेच म्हणाले. मग त्यांनी कोपराने माझा नळ उघडला आणि साबण लावून हात धुतले. अंगठा, बेचक्या, मनगट, काही म्हणून राहिले नाही. मित्रांनो, इतके सुंदर हात धुतलेले मी क्वचितच पाहिले असतील.

चौकशी समिती आली. माझ्या जाळीत तो जंतू सापडला. सापडणारच! जगाच्या हातांची घाण माझ्या पोटात जाते, तिथे अत्तर थोडेच सापडणार?

"हे बेसिन कोण घासतं?"

"मी, साहेब," मावशी म्हणाल्या. "रोज घासते."

"नीट घासत नाही तुम्ही."

मावशींनी धाकटीकडे पाहिले. धाकटी खाली, जमिनीकडे पाहत होती. मावशींचे काम गेले आणि मला उखडायचे ठरले. जाताना मावशी तिच्याजवळ थांबल्या.

"ताई, एक शब्द बोलला असता तर?"

"मावशी, माझी परीक्षा..."

"हो का? मग पास व्हा हं," मावशी म्हणाल्या आणि पदराने हात पुसत निघून गेल्या.

धाकटी पास झाली, आणि पहिली आली. माझी कडा फुटली ती मला उखडताना.

मित्रांनो, हात धुवा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी दुसरेच मागतो आहे असे समजा. एखादे लहान माणूस मोठ्या माणसाला "हात धुवायचे राहिले" म्हणाले, तर त्या वेळी हसू नका. धाकटीला दोष देणे सोपे आहे. पण ती एकदा तरी बोलली होती. त्या सकाळी दारात केवढी गर्दी होती! त्यात तोंड नव्हते ते फक्त मला.