हरणांच्या मळ्यातला पिंजरा

"मेल्या, सोड ना माझी बाही! दरवर्षी तुला माझाच सदरा कसा सापडतो?"

असं पुटपुटत व्हेस्टाने माझ्या तारेत अडकलेली बाही सोडवून घेतली, मला दोन्ही हातांनी कवेत धरलं आणि मऊ नांगरलेल्या मातीत उभं केलं.

मित्रांनो, मी एक जुना तारेचा पिंजरा आहे. घाबरू नका. माझ्यात आजवर कुणालाही कोंडलेलं नाही. मला तळ नाही, छप्पर नाही, दार नाही. डुकरांच्या कुंपणातून उरलेली जाळी व्हेस्टाच्या नवऱ्याने, हार्लनने, एका दुपारी गोल वळवली, टोकं पकडीने पिळली, दोन लोखंडी गज ठोकले आणि झालो मी. उंची हार्लनच्या खांद्याएवढी, घेर त्याच्या नि व्हेस्टाच्या हातांच्या कड्याएवढा. त्या दोघांनी तसं मापून पाहिलं होतं म्हणून मला माहीत. तेव्हा दोघांचेही केस काळे होते.

आमचा मळा अमेरिकेतल्या अलाबामात, पाइनच्या रानाला लागून. तीन एकर. त्यात पेरतात सोयाबीन, पण विकायला नव्हे. हा चाऱ्याचा सोयाबीन, उंच जातीचा. पान खुडलं की शेजारी दुसरं फुटतं. मनावर घेतलं तर माणसाच्या डोक्यावर जातो आणि वेलासारखा हात पसरतो. तो पेरायचा पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी. उन्हाळाभर त्यांनी तो खायचा, अंगाने भरायचं, नरांची शिंगं वाढायची. मग नोव्हेंबरात माणसं बंदुका घेऊन मचाणावर बसायची.

"सहा महिने पाहुण्यांना जेवू घालायचं आणि मग गोळी," व्हेस्टा म्हणायची. "बरं झालं, मी तुझ्या घरी सून म्हणून आले. पाहुणी म्हणून नाही आले."

"सून म्हणून काय कमी जेवलीस?" हार्लन म्हणायचा.

मे महिन्यात माती उबदार झाली की पेरणी. हार्लन बादलीत बियाणं घ्यायचा, त्यावर कोकाकोलाची अर्धी बाटली शिंपडायचा आणि मुळांना पोसणाऱ्या जिवाणूंची काळी भुकटी चोळायचा, म्हणजे ती बियांना चिकटून राहते. उरलेला कोक तो स्वतः प्यायचा. मग ट्रॅक्टरमागे दोन नळ्यांचं पेरणीयंत्र. आणि पेरणी संपली की मी.

माझं काम सोपं होतं. माझ्या आतल्या झाडांपर्यंत हरणांचं तोंड पोहोचत नसे. बाहेरची झाडं ती खात. आत किती उंच, बाहेर किती उंच, हे पाहिलं की हरणांनी किती खाल्लं ते कळतं. नुसत्या डोळ्यांना मळा हिरवागारच दिसतो, मित्रांनो. खरं काय ते मी सांगायचो.

त्या उन्हाळ्यांची मला अजून स्वप्नं पडतात. पहाटे रानातून धुकं उतरायचं आणि धुक्यातून हरणं. आधी कान, मग डोळे, मग बाकीचं हरण. ओली नाकं माझ्या जाळीला टेकायची. आतली कोवळी पानं त्यांना एवढी जवळ दिसायची! एखादं पाडस जीभ लांब करून बघायचं आणि माझी गार तार चाटून परत जायचं. मला वाईट वाटायचं, आणि गुदगुल्याही व्हायच्या. जुलैत वेल माझ्या भोकांतून बाहेर डोकावायचे. ऑगस्टात मी पानांखाली पुरता बुडायचो. वारा आला की आत असा आवाज व्हायचा, जणू कुणी झोपेत कूस बदलतंय.

ऑगस्टाच्या पहिल्या रविवारी, चर्चहून आल्यावर मोजणी. हार्लन, व्हेस्टा आणि शेजारचा ऑडी. हार्लन आणि ऑडी लहानपणापासून बरोबर शिकार करत आलेले. आतलं माप, बाहेरचं माप, दोन्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. एका वर्षी तर शिकारी मंडळाचे लोक मला बघायला आले होते. एकाने माझा फोटो काढला. पुढे हिवाळ्यात मी कोठीमागे काटेरी वेलांत पडून असायचो, गंजायचो. एका वर्षी चिमुकल्या रेन पक्ष्याने थंडीच्या रात्री काढायला माझ्यात घरटं केलं. नसतं केलं तर मी त्या थंडीत खूप एकटा पडलो असतो.

मग हार्लनच्या डोळ्यांत काहीतरी शिरलं. कडेकडेचं त्याला दिसे, पण जिकडे बघायचं नेमकं तिथेच धुकं. कडेचं दिसत असल्यामुळे तो चाले नीट, ट्रॅक्टर चालवी, माणसाचा आवाज ऐकून बरोबर तोंड वळवी. त्याने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

गेल्या नोव्हेंबरात त्याने पहाटे एका हलत्या सावलीवर गोळी झाडली. ती पलीकडे ऑडीच्या मचाणाच्या शिडीत घुसली. ऑडी तेव्हा शिडीवरच होता. दुसऱ्या दिवशी त्याने शिडी बदलली आणि गुडघा दुखतो म्हणून शिकारीला यायचं बंद केलं.

"कमाल गुडघा आहे," व्हेस्टा त्याला कोठीमागे, माझ्याशेजारी, एकांतात म्हणाली. "मासे धरायला जाताना दुखत नाही."

"तूच सांग ना त्याला," ऑडी म्हणाला.

"मी? त्याच्याकडून ती बंदूक काढून घेऊ? वडिलांची बंदूक आहे ती. तू त्याचा मित्र."

"तू बायको."



आणि यंदाची पेरणी. दोन नळ्यांपैकी एक मातीने बुजलेली होती. पूर्वीचा हार्लन दर वळणावर मागे वळून बी पडतंय का बघायचा. यंदाही त्याने वळून बघितलं. आठवड्याने उगवलं ते असं, एक ओळ हिरवी, एक ओळ मोकळी. उरलेल्या निम्म्या झाडांवर हरणं तुटून पडली. वाढायला सवडच मिळाली नाही. जुलैपर्यंत बाहेर घोट्याएवढे खुंट राहिले आणि त्यांच्यामध्ये तण माजलं. लांबून बघाल तर हिरवंगार.

फक्त माझ्या पोटात सोयाबीन वाढला. माझ्या डोक्यावरून बाहेर सांडला.

मोजणीच्या रविवारी हार्लन माझ्याजवळ आला. त्याने हात पुढे केला आणि बाहेर लोंबणारी पानं त्याच्या हाताला लागली. तळव्याएवढी, लवदार. त्याचा चेहरा असा उजळला, मित्रांनो!

"छातीला लागतोय! बाहेरचाच छातीला! ऑडी, बघ रे!"

ऑडीने व्हेस्टाकडे बघितलं. व्हेस्टाने जमिनीकडे.

"यंदा हरणांना शिडी आणावी लागणार," ऑडी म्हणाला.

हार्लन पोटभर हसला. कॅलेंडरवर 'बाहेर : छातीइतका' असं व्हेस्टाच्या अक्षरात लिहिलं गेलं. जन्मभर खरं सांगणारा मी, त्या दिवशी खोट्याला टेकू म्हणून उभा होतो. मला तोंड असतं तर! पण मला नुसती भोकं आहेत.

मित्रांनो, तुमच्याकडे जुन्या वस्तू असतील, त्यांना हिवाळ्यात छपराखाली घ्या, थोडं तेल लावा. आम्ही फार मागत नाही. आणि तुमची जुनी माणसं असतील, तर त्यांना आंजारणं-गोंजारणं ठीक आहे, पण जे दिसतंय ते त्यांना सांगत जा. मी गंजलेला असताना कुणी मला चांदीचा म्हटलं, तर गंज काही थांबत नाही.

परवा ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. शिकारीला तीन आठवडे उरलेले. हार्लनने गाडी माझ्याशेजारी आणून लावली. मागची फळी पाडून तिघं तिच्यावर बसले, मधे उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचं पातेलं. पाइनच्या शेंड्यांवर ऊन मधासारखं ओघळत होतं. हार्लन यंदाचा बेत सांगत होता.

"मी पूर्वेच्या मचाणावर. ऑडी, तुझा गुडघा बरा असला तर तू पलीकडे. व्हेस्टा दुपारी डबा घेऊन येईल, मळ्यातूनच, नेहमीसारखी."

तेवढ्यात रानातून एक हरणी बाहेर आली. मागे तिचं पाडस. तणातून पाय उचलत ती थेट पुढे आली आणि आमच्यासमोर, मोकळ्या मातीवर थांबली. दहा पावलांवर. कान ताठ, डोळ्यांत सगळी संध्याकाळ. ऑडीच्या हातातली शेंग तोंडाशी तशीच राहिली. व्हेस्टाने श्वास रोखला.

हार्लन सरळ तिच्याकडे तोंड करून बसला होता.

"एवढा सोयाबीन पेरला," तो हळूच म्हणाला, "आणि आज एकही फिरकलं नाही बघ."

पाडस येऊन हरणीच्या अंगाला बिलगलं.

"काय रे, दोघं एकदम गप्प?"

ऑडीने शेंग पातेल्यात परत टाकली. व्हेस्टाने हार्लनचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"समोर हरणी उभी आहे, हार्लन. दहा पावलांवर. तुला ती दिसत नाही. नोव्हेंबरात तिथे मी उभी असले, तर मीही दिसणार नाही."