ओवाळलेली डिश

माझे यजमान आकाशात एका जागी होते तोवर काही तक्रार नव्हती. ते हलायला लागले आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

लग्नानंतर चौथ्या वर्षी ते वर गेले. लगेच भलता अर्थ काढू नका, तो आमच्या गल्लीनं केव्हाच काढलाय. जतच्या आभाळात, दक्षिणेकडे, ते जाऊन थांबले आणि थांबले ते थांबलेच. आम्ही गच्चीवर एक डिश त्यांच्याकडे तोंड करून बसवली, नट आवळले, स्वयंपाकघरात स्पीकर लावला. दिवसभर आवाज यायचा. "शैला, कुकरच्या शिट्ट्या मोजतेस की नाही?" "शैला, आईनं गोळी घेतली का?" घरात असलेले नवरे तरी इतकं कुठं बोलतात?

पण वर एका जागी राहायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि त्यांचा जोर संपत आला. उरलासुरला त्यांनी बोलायला राखून ठेवला आणि अंग सैल सोडलं. मग ते दिवसभर आभाळात इंग्रजी आठाचा आकडा काढायला लागले, जरा वर, जरा खाली. डिश बिचारी मान ताठ करून एकाच जागी बघत राहायची. ते तिच्या समोरून जातील तेवढाच वेळ, सकाळी जरा आणि संध्याकाळी जरा, आवाज लागायचा. बाकी वेळ नुसती खरखर.

आवाज बंद पडला की माझ्या कपाळावर कुंकू ठेवायचं की नाही, हे ठरवायला गल्लीतल्या बायका टपून बसल्या होत्या. हळदीकुंकवाचं बोलावणं तर कधीच बंद झालेलं. गेलं खड्ड्यात ते हळदीकुंकू! मला आवाज हवा होता. त्या आवाजाशिवाय मला घास गिळवत नाही, स्पष्टच सांगते.

म्हणून मिरजेहून मुजावरभाईंना बोलावलं. त्यांनी जुनी डिश उतरवली, मोटारींवर फिरणारी नवी चढवली आणि तिला एक कंट्रोलर जोडला. आपलं गाव कुठं, दक्षिण कुठं, हे त्याला सांगितलं. डिश शेजारच्या भिंतीवर आपटू नये म्हणून डावीउजवीकडची लिमिटं घातली.

"वहिनी, आता हे आज दिवसभर साहेबांच्या मागं मागं फिरणार आणि त्यांची वाट पाठ करणार," ते म्हणाले. "उद्यापासून डोळे मिटून जाईल. फक्त आज डिशच्या समोर कुणी यायचं नाही. मांजरसुद्धा नाही."

"आणि मधेच बंद केलं तर?"

"तर सगळं विसरणार. साहेब कुठं आहेत हेसुद्धा. मग आभाळभर शोधत बसा."

चहा पिऊन मुजावरभाई गेले आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आरतीचं ताट घेऊन गच्चीवर आल्या.

"नवी वस्तू घरात आली आणि तशीच चालू केलीस?"

"आत्याबाई, समोर जायचं नाही म्हणून सांगून गेलेत ते."

"त्याला काय कळतंय? आपण मिक्सर आणला तरी ओवाळतो. ही तर माझ्या श्रीरंगाकडं बघणार."

"मग तुम्ही ओवाळा."

"मी कशी ओवाळू गं? सवाष्णीनं ओवाळायचं असतं."

तो शब्द माझ्यासाठी कुणी उच्चारल्याला किती दिवस झाले होते! मी विरघळले. मूर्ख बाई! एक मिनिटानं काय होतंय, म्हणून ताट घेतलं, डिशच्या समोर गेले, काठाला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि ओवाळलं.

मोटार घर्र झाली. डिशनं मान खाली घातली आणि ती माझ्याकडे बघायला लागली. कंट्रोलरवरची सिग्नलची पट्टी शेवटपर्यंत भरली. त्यांच्यासाठी ती निम्म्याच्या वर गेली नव्हती.

मी उजवीकडे सरकले, ती उजवीकडे वळली. मी खाली बसले, ती वाकली. स्वयंपाकघरातला स्पीकर गप्प झाला.

"शैला," आवाज आला. स्पीकरमधून नव्हे, वरून, सरळ. "मी खाली यायला लागलोय बहुतेक."

मी वर बघितलं. अंगातला जोर संपलेला माणूस कुठं जाणार? ज्या बाजूला आपल्याला कुणी बघतंय त्या बाजूला जाणार. आता डिशचं तोंड गच्चीकडे होतं, म्हणून ते गच्चीकडे निघाले होते. दिवसाउजेडी मला त्यांचा शर्ट दिसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसला, पण वरून येणारं काही खाली धड पोचत नाही हे मला ठाऊक होतं.

"उकडतंय गं," ते म्हणाले. "कॉलर तापलीय."

मी जिना उतरून पळाले. आपण समोर नसलो की डिश आपोआप वर बघेल, असं वाटलं. डिशला स्लॅबची काही अडचण नव्हती, ती स्लॅबमधूनच माझ्या मागं फिरत राहिली. फाटकातून बाहेर पडायला पाय उचलला, तर वर डिश लिमिटला टेकल्याचा टक् असा आवाज झाला आणि पाय हवेतच अडला. पुन्हा जोर लावला. टक्. मग फाटकापर्यंतही जाता येईना, ओट्यावरच अडले. मागच्या दारानं बघितलं तर पलीकडे टक्, आणि मागचं दारही गेलं.

मुजावरभाईंना फोन लावला.

"समोर कोण गेलं होतं?"

"मी."

"या अल्लाह! वहिनी, आता बाजूला सरका."

"सरकता येत नाही. दोन्हीकडे अडतंय."

"आपटू नका! आपटलं की ते लिमिट आणखी आत घेतं."

आत घेतलंच होतं. मी जिन्यावर उभी होते आणि माझे दोन्ही खांदे टेकले होते, भिंती हातभर लांब असूनसुद्धा.

"बंद करू का?"

"बंद केलंत तर साहेबांकडं बघणारं कुणीच उरणार नाही. मग ते कुठं जातील, माझ्याच्यानं सांगवत नाही."

"आणि वरचं लिमिट? ते कुठं घातलंय?"

"वर घातलंच नाही, वहिनी. वर आदळायला काय आहे?"

मी फोन ठेवला, पदर खोचला आणि जिन्यानं गच्चीवर गेले. तिथून पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी धरली. एक आडवा गज चढले. डिशनं मान वर केली. आणखी एक चढले.

"आता बरं वाटतंय," ते म्हणाले. "वारा लागतोय."

आत्याबाईंनी खालून शिडी धरली. टाकी आली, टाकी मागं पडली, शिडी पुढं गेलेलीच होती. मी चढत राहिले. गल्लीतल्या बायका रस्त्यावर येऊन कपाळाला हात लावून बघत होत्या. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

"अगं, तू कशाला वर येतेस? घरी आईला कोण बघणार?"

"गप्प बसा आणि वर सरका."

ते सरकले. शर्टाचा ठिपका झाला. मी दम खायला थांबले, तर डिशही थांबली आणि ठिपका परत मोठा व्हायला लागला. मग मी थांबले नाही. हात सोलून निघाले होते, खाली घर काडेपेटीएवढं दिसत होतं, आत्याबाई दिसतच नव्हत्या. आज दिवसभर ते यंत्र शिकणार, हे मला चढता चढता आठवलं. आज जे शिकेल तेच ते रोज करणार.

"शैला, थांबू नकोस," ते म्हणाले. "कॉलर परत तापतेय."

मी पुढच्या गजासाठी हात घातला. गज नव्हता. पुन्हा चाचपलं, डावीकडे, उजवीकडे, नव्हताच. खालून मोटारीची घरघर ऐकू येत होती आणि डिश अजून वरच वळत होती, वरचं लिमिट तिला नव्हतंच. मी दुसराही हात सोडला आणि पाय उचलला.