अख्खा काजू कुठे घातलाय

नणंदबाईंनी नवं घर घेतलं, म्हणून घरातल्या घरात जेवण ठेवलं होतं. टिल्लीच्या आईने फोनवर दोनदा विचारलं होतं, दारात चपला काढताना पुन्हा विचारलं, की कशात काजू नाही ना? नणंदबाई म्हणाल्या, आता काय शपथपत्र करून देऊ का? आतून कुणीतरी हसलं. "आली फायर ब्रिगेड."

हे नाव तिने कष्टाने कमावलं होतं. मागे एकदा टिल्लीचे ओठ लालभडक दिसले, तसं तिने पर्समधून अ‍ॅलर्जीच्या झटक्यावरचं इंजेक्शनचं पेन उपसलं, आणि ती लाली निघाली चघळायच्या गोळीची. तेव्हापासून कुणी शिंकलं तरी घरात फायर ब्रिगेडची आठवण निघे. त्याच्या आधी, दुडूदुडू चालायला लागलेली टिल्ली काजूच्या एका तुकड्याने निळी पडली होती. ते मात्र कुणाला फारसं आठवत नसे. घरातल्यांची स्मरणशक्ती तशी तल्लख, फक्त सोय बघून चालणारी.

नंदावे, म्हणजे नणंदबाईंचे यजमान, विमा कंपनीत मोठे अधिकारी. जोखीम हा त्यांचा धंदाच. समोरच्याला दमा आहे म्हटलं की हप्ता वाढवायचा, पूर्वी एकदा मरता मरता वाचलाय म्हटलं की आणखी वाढवायचा, हे त्यांना झोपेतही जमलं असतं. जेवताना टिल्लीच्या आईने त्यांना सांगून पाहिलं. पोरीला दमा आहे, एकदा मोठी रिअ‍ॅक्शन येऊन गेलीय, या आठवड्यात सर्दीने छाती भरलीय, आणि आत्ता ती आतेभावाच्या मागे जिना वरखाली करतेय. अशात काजू पोटात गेला तर भलतंच महागात पडेल. नंदाव्यांनी प्रेमाने तिच्या पानात भात वाढला आणि म्हणाले, असं लाखात एखाद्याला होतं. लाखातली ती एखादी तेवढ्यात धापा टाकत आली आणि पाणी पिऊन परत पळाली.

मग केक आला. नणंदबाईंनी स्वतः केलेला, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. टिल्लीने तुकडा संपवला, बोटं चाटली आणि जरा वेळाने आईजवळ येऊन म्हणाली, जीभ टोचतेय. मग खोकली. मग नव्या कोऱ्या गालिच्यावर ओकली.

"धावली ना जेवल्याबरोबर," नणंदबाई फडकं आणायला उठल्या.

टिल्लीच्या आईने फ्रॉकची कॉलर बाजूला केली. मानेवर गांधी उठल्या होत्या. केकमध्ये नक्की काय आहे, तिने विचारलं. पीठ, लोणी, साखर, नणंदबाईंनी यादी सांगितली आणि शेवटी, मऊ व्हावा म्हणून चिमूटभर पूड.

"कसली पूड, ताई?"

"काजूची. अगं, पण अख्खा काजू कुठे घातलाय?"

यानंतर रीतसर बैठक भरली. सासूबाईंचं मत पडलं, साखरपाणी द्या. नंदाव्यांनी खिडक्या उघडल्या. टिल्लीचा बाबा म्हणाला, आधी खाजेचं औषध देऊ, थोडी वाट बघू, मग ठरवू. नणंदबाई डोळे पुसत सांगत होत्या की माझ्याच घरात माझ्यावर आळ. पोरगी सोडून बाकी सगळ्यांची विचारपूस चालली होती.

आणि फायर ब्रिगेड? फायर ब्रिगेड पेन हातात धरून उभी होती. उशीवर हजारदा सराव केलेली, वाट बघण्यात जीव जातो हे पाठ असलेली ही पदवीधर बाई त्या क्षणी एवढाच विचार करत होती, की पुन्हा गोळीच निघाली तर हसतील.

टिल्ली रडायची थांबली.

"बघ, झाली शांत," सासूबाई म्हणाल्या.

आईने तोंडाजवळ कान नेला. आत शिट्टी वाजत होती, आणि रडायला लागणारा श्वास पोरीकडे उरला नव्हता. तिने टिल्लीला तिथेच आडवं केलं, टोपण काढलं आणि कपड्यावरूनच मांडीत पेन दाबलं. "अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा," ती म्हणाली. आवाज इतका साधा होता, की नवऱ्याने मत न देता फोन लावला.

गाडी येईपर्यंत टिल्लीचा आवाज परत आला आणि तिने तो आईवरच काढला, सुई का टोचली म्हणून. दवाखान्यात डॉक्टरांनी ठेवून घेतलं. उतरलेलं पुन्हा चढू शकतं, म्हणाले, आणि यापुढे जवळ दोन पेनं ठेवा. सासूबाईंना एवढा सरंजाम पटला नाही. खाटेशी बसून त्या म्हणाल्या, "मला विचारशील तर सुई नसती टोचली तरी उतरलं असतं. उगाच लेकराला भोक पाडलंस."

"असेलही, आई," टिल्लीची आई म्हणाली. "ते आता कुणालाच कळायचं नाही. मला चालेल."

पुढच्या जेवणापर्यंत गोष्ट चांगली मुरली. नंदावे फार रंगवून सांगतात. वहिनींनी कसं पोरीला आडवं पाडलं, कसं भाल्यासारखं पेन खुपसलं, गालिच्याचं कसं वाटोळं झालं. काजूच्या पुडीचा उल्लेख राहून जातो. सगळे पोट धरून हसले. टिल्लीची आई दोन्ही पेनं मांडीवर घेऊन बसली होती आणि हसणारी तोंडं न्याहाळत होती. त्यात टिल्लीही होती, सगळ्यांत मोठ्याने हसणारी.