चाकवाली

दोरवाल्याची बायको सकाळपासून तयार होऊन बसली होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता. "त्यांचा कोट घेतलास? पाण्याची बाटली? गाडी सावलीत लाव हं तिथे, नाहीतर परत बसताना चटके." मुलगा नुसता हूं हूं करत होता. त्याला या सहलीत काडीचा रस नव्हता. पण आईला शब्द देऊन बसला होता, आता सांगतो कुणाला!

शब्द असा, की बाबांनी आज आईला एकदा, अगदी एकदाच, ओळखलं तर त्यांना घरीच ठेवायचं. नाही ओळखलं, तर उद्या वृद्धाश्रमात फोन करून खोली पक्की करायची. मुलगा काही वाईट नव्हता हो. पण बाप आईला "बाई, तुम्ही कोण? आमची ही येईल एवढ्यात, तुम्ही आपल्या घरी जा बघू," म्हणून दाराबाहेर काढतो, आतून कडी लावतो, आणि आई शेजाऱ्यांच्या पायरीवर बसून राहते, हे त्यानं बघायचं तरी किती? एकदा तर थंडीत काकडून तिचा उजवा खांदा जो आखडला तो आखडलाच. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. वेणीसुद्धा डाव्या हातानं कशीबशी घालायची, पण हट्ट सोडायची नाही. "त्यांच्या हातात ताग द्या आणि मला चाकाशी उभं करा," ती म्हणायची. "मग बघते कसे ओळखत नाहीत ते!"

तिचं अगदीच चूक होतं असं कोण म्हणेल? दोर वळणं हे दोघांचं काम. एकानं चाक फिरवायचं. दुसऱ्यानं कमरेला तागाचा पुंजका गुंडाळायचा, चाकाच्या आकड्याला त्याचे तंतू अडकवायचे आणि तंतू सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे जायचं. लग्न होऊन आली ती त्या लांबलचक शेडमध्ये चाकाशी उभी राहिली, ती शेड मोडेपर्यंत. म्हणजे नवरा जन्मभर तिच्याकडे तोंड करूनच तिच्यापासून लांब गेला. पार टोकाला पोचला, की ओरडायचा, "चाकवाले, झोपलीस का गं?" ही इथून तितक्याच मोठ्यानं, "तुमचेच पाय लटपटताहेत!" सगळ्या शेडची फुकटची करमणूक. घरीसुद्धा तो तिला चाकवालीच म्हणायचा. दुखण्यात ते नाव गेलं, "अगं" गेलं, आणि "बाई, तुम्ही" आलं. ते "तुम्ही" तिला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

शेड मोडली तेव्हा त्यांचं चाक संग्रहालयानं नेलं होतं. तिकिटं काढून तिघं आत शिरले. जुने तराजू, घोड्यांचे नाल, कुणाकुणाचे फुटके माठ, सगळं काचेआड मांडलेलं. तिनं कशाकडे ढुंकून पाहिलं नाही. नवऱ्याचा हात धरून तडक शेवटच्या दालनात गेली. कठड्यापलीकडे चाक उभं होतं, तेल लावून चकचकीत केलेलं, वरून दिव्याचा झोत. जन्मात ते कधी इतकं स्वच्छ नव्हतं.

"अहो, बघा तरी. आपलं चाक."

त्यानं पाहिलं. खालून वर, वरून खाली पाहिलं. तिनं डोळ्यांत प्राण आणले होते.

"छान आहे," तो म्हणाला. "कोणाचं म्हणालात? आणि बाई, इथे लघवीला कुठे जायचं?"

मुलगा त्याला घेऊन गेला. तिनं कठड्यातून हात घालून बघितला, तो काही चाकापर्यंत पोचला नाही.

ते दोघं परतल्यावर तिघं मागच्या अंगणात आले. तिथे कारागिरांचा बाजार भरला होता. कुंभार, विणकर, लाकडी खेळणीवाले, आणि कडेला एक मुलगी छोटंसं चाक मांडून पाहुण्यांना दोर वळायला शिकवत होती. म्हातारीच्या जिवात जीव आला. "पोरी, जरा बाजूला हो गं," म्हणत तिनं चाकाची मूठ धरलीसुद्धा. मुलीनं हसून तागाचा पुंजका म्हाताऱ्याच्या हाती दिला.

आणि काय सांगावं! त्यानं ताग नाकाशी धरून हुंगला, कमरेला गुंडाळला, तंतू आकड्याला अडकवले आणि निघाला की मागे! बोटं लोण्यातून चालावीत तशी चालत होती. दोराला सुरेख पीळ बसत होता. लोक बाजूला होऊन टाळ्या वाजवायला लागले. मुलाचे डोळे भरून आले. नवरा तिच्याकडेच तोंड करून लांब जात होता, अगदी पूर्वीसारखा, आणि ती दात-ओठ खाऊन चाक फिरवत होती. पण खांदा दगा द्यायला लागला. चाक अडखळलं, सुटलं, पुन्हा अडखळलं.

तो थांबला. "चाक कोण फिरवतंय?"

"मी!" तिनं सगळा जीव गोळा करून हाक मारली. "अहो, मी, चाकवाली!"

"काहीतरीच काय बोलता बाई!" तो खरोखर रागावला होता. "तिचा हात मला ठाऊक नाही का? असा अडखळत नाही तो. तिला बोलवा. आमच्या चाकवालीला बोलवा, मग पुढचं वळतो." आणि दोर ताणून धरून तो तसाच उभा राहिला, वाट बघत.

मुलगा तिच्या कानाशी आला. "आई, तुझं नाव तरी काढलं त्यांनी. माझ्या लेखी तेवढं पुरे. आपण घरीच ठेवू."

"ज्या घरात मला येऊ देत नाहीत, त्या घरात?" ती म्हणाली. "नको रे. ओळखायची एकच खूण उरली होती त्यांच्याकडे. ती माझ्या हातात होती, आणि माझा हातच गेला. उद्या फोन कर."

मग ती चालत नवऱ्यापाशी गेली. "निरोप दिलाय तिला. तोवर गाडीत बसू या."

"दोर ढिला पडेल."

"मी धरते."

मुलीनं दोर कापून, टोकांना गाठी मारून त्याच्या हातात दिला. गाडीत त्यानं तो शेजारच्या सीटवर ठेवला आणि तिला हातानं अडवलं. "इथे नको बाई. ही जागा तिची आहे."

ती पुढे मुलाशेजारी जाऊन बसली. गाडी फाटकाबाहेर पडली तसा तो मागून म्हणाला, "ती येतेय ना नक्की?"

"येतेय," ती मागे न बघता म्हणाली. "खांदा दुखतोय जरा तिचा."

"मग सांगायचं नाही का तिनं?" तो कळवळून म्हणाला. "शेकून दिला असता मी."